वालाचं पातळ बिरडं

गेल्या आठवड्यात आईची दाढ काढली. दोन दिवस पेज, ताक, मुगाचं कढण असंच चाललं होतं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "काहीतरी चवीचं दे गं आता, पातळसं बिरडं कर." आता बिरडं काही मनात आलं आणि लगेच केलं असं होत नाही, दीड-दोन दिवस आधीपासून तयारी लागते, पण श्रावणी सोमवार आला होता म्हणून मी आधीच वाल भिजवून फडक्यात बांधून ठेवले होते. गाठोडं सोडलं तर अर्धा-अर्धा इंच मोड. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आमचं माहेर पेणकडचं. आमच्याकडे वाल म्हणजे कडवे वाल, बारीक, तपकिरी, एका कडेला पांढरी रेघ असलेले. भात कापून झालं की त्याच शेतात, जमिनीत जी काही ओल उरलेली असते तिच्यावर ते पेरायचे, वेगळं पाणी द्यायचं नाही. थंडीत शेंगा भरल्या की पोपटी लागते, मडक्यात भांबुर्डीचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. उरलेल्या शेंगा वाळवून जे दाणे निघतात ते वर्षाचे वाल. आजी त्यांना राख चोळून डब्यात भरायची, कीड लागू नये म्हणून.

सासर साताऱ्याकडचं, तिथे पावटा. नवरा अजूनही माझ्या बिरड्याला पावट्याची आमटी म्हणतो आणि मी दर वेळी त्याला सांगते की पावटा वेगळा, चवीला गोडसर, दाणा मोठा, आणि वालाला तो जो मागे रेंगाळणारा कडसरपणा आहे ना, तो पावट्यात नाही. पावट्याची आमटी मला आवडते, पण ते बिरडं नाही.

ताई दुबईला असते. तिला तिथे वाल मिळाले नाहीत तेव्हा तिने ब्रॉड बीन्स आणले, पाकिटावरचं नाव बघून तेच वाल असतील असं वाटलं तिला. ते खरं तर फावा, आपल्याकडे हिंदीत बाकला म्हणतात ते, झाडच वेगळं. इजिप्तमध्ये सकाळच्या नाश्त्याला 'फूल' नावाचा पदार्थ खातात तो याचाच, आणि मोरोक्कोत सोललेल्या सुक्या फाव्याचं दाट सूप करतात, बिसारा, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. ताईने आपल्या पद्धतीने केलं, नारळाचं दूध घालून, आणि चांगलं झालं म्हणाली पण बिरडं नाही झालं. एक मात्र लक्षात ठेवा, ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय त्यांनी फावा अजिबात खाऊ नये, रक्तातल्या लाल पेशी फुटतात त्याने.

तर आता वालाकडे येते. मी पाव किलो घेते, मोड येऊन सोलून झाले की 4 जणांना पुरून उरतं. वाल नवे हवेत. जुलैमध्ये मी इथल्याच एका दुकानातून घेतलेले, दिसायला अगदी स्वच्छ, पण जुना माल निघाला, निम्म्यांना मोडच आले नाहीत आणि ते शिजवले तर तासाभरानेही दाताखाली टणक. तेव्हापासून गावाहून येतात तेच वापरते, आणि विकत घ्यायची वेळ आलीच तर आधी मूठभर भिजवून बघते.

रात्री कोमट पाण्यात भिजवायचे, 10-12 तास. सकाळी ते पाणी टाकून द्यायचं, ते आमटीत बिलकुल घालू नका, सुक्या वालात विषारी अंश असतो जो भिजवून, पाणी टाकून आणि नीट शिजवून जातो, म्हणून अर्धेकच्चे वालही खायचे नाहीत. मग ओल्या पंच्यात घट्ट बांधून चाळणीत ठेवायचे. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, पावसाळ्यात दुसरी सकाळ उजाडते. मध्ये एकदा पाण्याचा हात फिरवायचा, पावसात वास धरतात लवकर.

आणि मग सोलणं. यालाच लोक कंटाळतात आणि वालाची डाळ आणून काम भागवतात, पण त्यात ती गंमत नाही हो. मोड आलेले वाल गरम पाण्यात 15 मिनिटं ठेवायचे, साल सैल होते. मग एक दाणा चिमटीत धरायचा, मोडाच्या उलट्या टोकाला अंगठ्याने हलकं दाबायचं की आतला दाणा मोडासकट सुळकन बाहेर. पिवळसर, गुळगुळीत, दोन दळं एकमेकांना चिकटलेली. याच डाळिंब्या. मला पाव किलोला पाऊण तास लागतो. आईचा हात माझ्या दुप्पट वेगाने चालायचा, आता तिची बोटं आखडतात तरी त्या दिवशी ती गालाला हात लावून माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, दे थोडे इकडे. वीसेक सोलले असतील तिने. साली कुंडीत टाकते मी.

पातेल्यात 2 चमचे तेल, जिरं, हिंग जरा सढळ हाताने, हळद, कढीपत्ता. सोमवार होता म्हणून कांदा-लसूण नाही, एरवी एक पांढरा कांदा बारीक चिरून आणि 6-7 लसूण पाकळ्या ठेचून घालते. मग आलं, 2 हिरव्या मिरच्या, कोथिंबीर आणि जिरं यांचं वाटण (आईसाठी एकच मिरची), ते परतलं की डाळिंब्या. डावाने ढवळायचं नाही, दोन्ही हातांनी पातेलं धरून हलवायचं, नाहीतर दाणे मोडतात. वर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतायचं. ताटातलं पाणी चांगलं तापलं की तेच डाळिंब्यांत घालायचं आणि ताटात पुन्हा नवीन. थंड पाणी घातलं की दाणे दडदडीत राहतात असं आमच्याकडे सगळ्या बायका सांगतात, मी कधी घालून बघितलं नाही. कुकर नकोच, एका शिट्टीत पिठलं होतं.

वीस-पंचवीस मिनिटांत दाणा बोटाने दाबला की चेपतो. त्यानंतरच मीठ, 4 आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ. आमसूल आधी घातलं तर वाल शिजत नाहीत, आंबट लागलं की कुठलंही कडधान्य मऊ व्हायला त्रास देतं. पातळ बिरड्यासाठी मी मग पळीभर डाळिंब्या काढून वाटीत घोटते आणि परत घालते, त्याने रस मिळून येतो, पाणी एकीकडे आणि दाणे एकीकडे असं होत नाही. आधी नारळाचं पातळ दूध 2 वाट्या, एक उकळी, मग आच अगदी बारीक करून घट्ट दूध 1 वाटी. आता उकळू द्यायचं नाही, फुटतं. कडेला बारीक बुडबुडे दिसले की बंद.

रंग बघा त्याचा, हळदीचा पिवळा आणि आमसुलाची हलकी गुलाबी झाक, वर तेलाचे दोन-चार थेंब.

आईला कोमट करून दिलं, तिच्यासाठी दाणे पूर्ण घोटून. तिने वाटी दोन्ही हातांत धरून पहिला घोट घेतला आणि थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, गूळ किंचित जास्त झालाय. आणि दुसरी वाटी मागितली. लेकाने कॉफीच्या मगात घेतलं आणि नवऱ्याने भातावर ओतून, "पावट्याची आमटी मस्त झालीय" म्हणत.

उरलेलं दुसऱ्या दिवशी घट्ट होतं, तेव्हा गरम पाणी घालून मंद आचेवरच तापवा आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खा. ताईसाठी मी या खेपेला सोललेल्या डाळिंब्यांची दोन पाकिटं फ्रीझरमध्ये टाकलीत, ती दिवाळीत येतेय.