ॲशखालची अळंबी आणि आतला भाडेकरू

ऑगस्टमध्ये इथे कॅनडातल्या किचनरला सलग दोन दिवस पाऊस पडला की मी चहा घेऊन मागच्या दारात उभी राहते, कारण शेजारच्या काकांच्या ॲशच्या झाडाखाली हमखास अळंबी उगवतात, पंधरावीस तरी असतात आणि लेकाला त्या मोजायच्या असतात. दिसायला काही खास नाहीत हां. तपकिरी, वेड्यावाकड्या, देठ मधोमध असायच्या ऐवजी एका कडेला सरकलेला, कुणीतरी घाईत चिकटवल्यासारखा. उलटी केली की खाली पिवळी जाळी. बोलेटिनेलस मेरुलिऑइडिस असं भारदस्त नाव आहे, आमच्या घरात तिला 'काकांची अळंबी' म्हणतात.

इतकी वर्षं मला वाटायचं की हिचं झाडाशी साटंलोटं असणार. पाईन, ओक यांच्या मुळांशी बुरशी जोडलेली असते ना, ती पाणी-क्षार देते, झाड साखर देतं, तेच मायकोरायझा प्रकरण. पण ॲशच्या मुळांत मायकोरायझाची जी बुरशी असते ती वेगळ्याच गटातली, तिला अशा छत्र्या फुटतच नाहीत. मग ही बया दरवर्षी ॲशखालीच का येते?

उत्तर आमच्या गावाला खेटून असलेल्या वॉटरलू विद्यापीठातल्या ब्राइस केंड्रिक आणि मार्क ब्रंड्रेट या बुरशीच्या अभ्यासकांनी 1987 मध्ये छापलंय. मध्ये एक किडा आहे. मावा! (पेढ्यातला नव्हे आणि पानटपरीवरचा तर नव्हेच, कपाशीवर पडतो तो.) ॲशचा मावा वसंतात कोवळ्या पानांचे शेंडे मुरडून त्यात पांढऱ्या कापसासारखा बसतो ते मी कैकदा बघितलंय, पण तो खाली मुळांवरही असतो हे डोक्यात कधी आलंच नाही.

तर काकांना विचारून खुरपं घेतलं आणि वीतभर उकरलं. ॲशची बारीक मुळं अगदी वरच असतात, त्यांच्या जाळ्यात काळे टणक दाणे सापडले, मोहरी-मिऱ्याच्या मधले काहीतरी. मी आधी खडे समजून फेकले. मग एक नखाने फोडला तर आत पोकळ, आणि त्या पोकळीत एक फिकट गोळा बसलेला, जरा वेळाने पाय हलवले तेव्हा कळलं की जिवंत आहे. लेक किंचाळला, मी पण किंचाळले, खोटं कशाला बोलू.

तो काळा दाणा म्हणजे बुरशीने माव्याभोवती बांधलेली खोली. आत मावा मुळात सोंड खुपसून रस ओढतो, त्या रसात साखर गरजेपेक्षा फार जास्त असते, जास्तीची तो मागून गोड चिकट थेंबांनी सोडतो. शेतात आपण 'चिकटा पडलाय' म्हणतो तोच. तो थेंब बुरशीचं जेवण. बदल्यात माव्याला भिंत मिळते, कोरडेपणापासून आणि खाणाऱ्या किड्यांपासून आडोसा. भाडं साखरेत.

पुस्तकात याला 'दोघांचा फायदा' म्हणतात, आणि मला तिथेच जरा खटकतं, कारण ज्याच्या खिशातून सगळं चाललंय त्या झाडाला कुणी विचारलंय का. दोन भावांनी एकमेकांना छान सांभाळून घ्यायचं आणि किराणा मात्र तिसऱ्याच्या खात्यावर लिहायचा, अशातला प्रकार. मोठं झाड हे सहज खपवून घेतं म्हणा. द्राक्षवेलींचं तसं नव्हतं, 1903 मध्ये दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी पॅलेस्टाईनच्या मळ्यांतला रोग मांडला होता, मुळांवर पिठ्या ढेकूण (माव्यासारखाच रस शोषणारा किडा) आणि त्यांच्याभोवती बुरशीचं चामड्यासारखं वेष्टण. आपले नाशिकचे बागायतदार पिठ्या ढेकणाला खोडावर आणि घडात बघूनच वैतागतात, तो मुळाशी असा घर करून बसला तर काय म्हणतील!

आमच्या चिपळूणकडच्या आजीला हे सांगायला हवं होतं. वारूळ उकरायला गेलो की ती ओरडायची, "मेल्यांनो, पुढच्या वर्षी अळंबी यायची नाहीत." आणि बरोबरच होतं तिचं, ती अळंबी वाळवीच सांभाळते, आतल्या बुरशीच्या बागेला चावलेला पालापाचोळा घालून, म्हणून तर तिचा देठ खोल खाली वारुळापर्यंत गेलेला असतो. इथल्या अळंबीचा किड्याशी करार वेगळा, पण छत्री बघून खाली कोण राहतंय ते कळायचं नाही ही गत सारखीच.

आता काकांचं झाड जातंय. हिरवा चमकदार भुंगेरा, मूळचा पूर्व आशियातला, 2002 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला आणि इकडे विंडसरला सापडला आणि तेव्हापासून ॲशची झाडं कोट्यवधींनी मेली. अळ्या सालीखाली नागमोडी खातात, झाडाचा रस वरून खाली उतरायचा रस्ताच तुटतो. म्हणजे मुळांवरच्या माव्याचीही पंगत उठली. काकांच्या झाडाचा अर्धा शेंडा वाळलाय आणि खोडावर इंग्रजी डी अक्षरासारखी भोकं दिसतात. पुढच्या महिन्यात कापणारे येणार आहेत.

लेकाने दोन काळे दाणे काड्यापेटीत ठेवले होते, शाळेत दाखवायला. रात्री तो झोपल्यावर मी टॉर्च घेऊन गेले आणि ते परत पुरून आले, खोडाच्या पलीकडे, जिकडच्या फांदीवर अजून पानं आहेत.