स्नोमोबाइलचं ऑइल: कुठलं घ्यायचं, कसं मोजायचं

आधी स्नोमोबाइलचं, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या या गाडीचं, मॅन्युअल उघडून इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक ते पाहा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, फोर-स्ट्रोकमध्ये तेच फिरत राहतं. कारचं इंजिन ऑइल टू-स्ट्रोकमध्ये जळलं की त्यातल्या धातूयुक्त घटकांची राख प्लगवर आणि पिस्टनवर साचते.

टू-स्ट्रोकमधला नेहमीचा घोळ म्हणजे टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं ऑइल. डब्यावर ‘टू-स्ट्रोक’ लिहिलेलं असतं, म्हणून लोक ते उचलतात. पण ते बोटीच्या आउटबोर्ड इंजिनासाठी बनवलेलं असतं. ती इंजिनं बाहेरच्या थंड पाण्याने थंड होत राहतात, आरपीएमही (मिनिटाला फेरे) कमी. स्नोमोबाइलचं इंजिन ८,००० आरपीएमच्या घरात फिरतं आणि पिस्टन बराच जास्त तापतो. म्हणून डब्यावर जेएएसओ या जपानी मानकाची एफसी किंवा एफडी श्रेणी शोधा. एफडी ऑइल इंजिन आतून अधिक स्वच्छ ठेवतं, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर जाण्याची वाट लहान-मोठी करणारी झडप) असलेल्या इंजिनाला तेच बरं. काजळीने तो व्हॉल्व्ह अडकला की वरच्या आरपीएमला ताकद मिळत नाही आणि दोष उगाच कार्ब्युरेटरवर जातो.

मात्र एफडी म्हणजे कडाक्याच्या थंडीत वाहणारं ऑइल, असा अर्थ नाही. त्यासाठी डेटाशीटवरचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापर्यंत ऑइल वाहू शकतं तो आकडा, बघावा लागतो. तुमच्याकडच्या सर्वांत थंड सकाळपेक्षा तो बराच खाली हवा. ऑइल मधासारखं घट्ट झालं, तर पंपाकडे ते पुरेसं पोचतच नाही. ब्रँड बदलायचा असेल, तर जुनं-नवं ऑइल काचेच्या बरणीत निम्मं-निम्मं मिसळून रात्रभर बाहेर ठेवा. सकाळी गुठळ्या किंवा जेली दिसली, तर टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय नवं ओतू नका. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) काही इंजिनांना कंपनीचंच ऑइल लागतं. तिथे काटकसर नको.

पेट्रोल भराल तेव्हा ऑइलची टाकीही पाहा. पातळी उतरलीच नाही, तर खूश होऊ नका. ऑइल इंजिनात जात नाही, असा त्याचा अर्थ. ऑइल पंपाची केबल ढिली आहे का, पंपावरच्या खुणा जुळतात का, फिल्टर तुंबलाय का, झाकणातलं हवेचं भोक बंद झालंय का, हे तपासा. टाकी एकदा कोरडी पडली असेल, तर नुसतं ऑइल भरून निघू नका. नळीत हवा राहते आणि पिस्टन सीझ होतो, म्हणजे ऑइलअभावी जाम होतो. पंपाला ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल, तर तो सैल करून हवा काढा, आणि तोवर पेट्रोलमध्ये ५०:१ प्रमाणात, म्हणजे लिटरमागे २० मिलि, ऑइल मिसळून इंजिन चालवा.

फोर-स्ट्रोकला सहसा ०डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-४० सिंथेटिक लागतं. ०डब्ल्यू ऑइल पंपातून वाहतं का, याची चाचणी -४० अंश सेल्सिअसला होते, ५डब्ल्यूची -३५ला. मोटरसायकलच्या ऑइलवरचं जेएएसओ एमए इथे शोधत बसू नका. ते ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये बुडालेल्या, क्लचसाठी असतं; स्नोमोबाइलचा क्लच आणि बेल्ट कोरडेच चालतात.

फोर-स्ट्रोकचं ऑइल मोजताना मशीन सपाट जागी हवं. ड्राय संप इंजिनात (ज्यात ऑइल वेगळ्या टाकीत असतं) रात्रभर ऑइल टाकीतून खाली क्रँककेसमध्ये झिरपतं, म्हणून सकाळी डिपस्टिक कमी दाखवते. ते पाहून वर ओतलं, की जादा झालेलं ऑइल एअरबॉक्समध्ये (इंजिनात हवा जाते त्या डब्यात) येतं. इंजिन पुरतं गरम करा, मॅन्युअल सांगेल तेवढा वेळ आयडलवर ठेवून बंद करा, मग डिपस्टिक पुसून मोजा. कमी असेल तर थोडं थोडं भरा. पातळी आपोआप वाढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे थंडीतल्या छोट्या फेऱ्यांमुळे ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय. अशा वेळी ते बदलाच. झाकणाखाली थोडा दुधी थर बाष्पाचा असू शकतो, पण डिपस्टिकवरचं सगळं ऑइल दुधी असेल, तर कूलंटची गळती तपासेपर्यंत इंजिन सुरू करू नका.

चेनकेस (ट्रॅक फिरवणाऱ्या चेनची बंद पेटी) असलेल्या मशीनमध्ये त्याचं ऑइल वेगळं असतं, आणि ते हमखास विसरलं जातं. अनेक मॉडेल्सना जेमतेम २५० ते ३५० मिलि लागतं. नेमका आकडा आणि प्रकार मॅन्युअलमधूनच घ्या. चेनकेसच्या ऑइल काढायच्या प्लगला चुंबक असेल, तर त्यावरची बारीक राखाडी पेस्ट नेहमीची. चमकत्या चकत्या किंवा दाते दिसले, तर चेन आणि स्प्रॉकेट उघडून बघा, नुसतं ऑइल बदलून भागणार नाही.