तिसरा खर्डा, प्रकरण २२: भरतीने घातलेला घोळ

दिवाळीपर्यंत माझ्या रहस्य कादंबरीचा तिसरा खर्डा हातावेगळा करतो, असं मागच्या वेळी छातीठोकपणे लिहिलं होतं. झाला नाही. आजचा हिशोब असा: ६१ हजार शब्द, २२ प्रकरणं, एकूण ३० व्हावीत असा अंदाज. त्यातली ९ ते १४ ही सहा प्रकरणं महिन्यापूर्वी अख्खी फाडली. का, ते खाली येतंच आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. देवगड आणि मालवणच्या मधे, खाडीच्या तोंडावर एक गाव. नाव काल्पनिक, कारण खरं दिलं तर पुढच्या गणपतीत मला कोणी आरतीला बोलावणार नाही. बारावीतला सतरा वर्षांचा ओंकार गटारीच्या रात्री घरातून निघतो तो परत येत नाही. त्याची गाडी सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळमाळावरच्या, बंद चिरेखाणीच्या काठाला मिळते. ज्यांनी पावसात चिरेखाण पाहिली नसेल त्यांनी डोळ्यांसमोर आणा: जांभा दगड कापून नेल्यावर राहिलेला सरळसोट भिंतींचा चौकोनी खड्डा, गळ्यापर्यंत भरलेलं तांबडं पाणी, कठडा नाही की पाटी नाही. वाचक पहिल्या पानापासून त्या पाण्याकडे बघत राहणार. मलाही तेच हवंय.

पहिल्या खर्ड्यात शोध घ्यायला मुंबईहून इन्स्पेक्टर आणला होता. तो सगळ्यांना प्रश्न विचारायचा, लोक त्याला चहा द्यायचे आणि काही सांगायचे नाहीत. शंभर पानं नुसता चहा! आता शोध घेतो गावचा वायरमन. माझं हार्डवेअरचं दुकान असल्यामुळे ही जमात रोज समोर असते. रात्री दोनला पावसात वायरमन दारात आला तर लोक त्याला सरळ मागीलदारापर्यंत जाऊ देतात. कोणाच्या घरात पहाटेपर्यंत दिवा असतो ते त्याला ठाऊक. मुंबईकरांचं कुलूपबंद घर, आणि पडवीतल्या मीटरवरचा लाल दिवा मात्र लुकलुकतोय, हे त्याच्याच नजरेला पडणार.

आता घोळाकडे. फाडलेल्या प्रकरणांमध्ये ओंकार रात्री साडेअकराला खाडी चालत ओलांडतो, असं होतं. साडेअकरा का, तर ११.४० ला त्याचा फोन बंद पडतो. खाडीत पाग (फेकायचं जाळं) टाकायला जाणाऱ्या एका मित्राला ते वाचायला दिलं. त्याने दोन पानं वाचली आणि विचारलं, ‘तिथी खंयची?’ म्हटलं, आषाढ अमावास्या. तो हसत सुटला.

किनाऱ्यावर हा हिशोब पोरासोरांनाही येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या पंधरावी म्हणून सव्वाअकरा. काटेकोर नाही, पण अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जमतं. म्हणजे मी माझ्या नायकाला ऐन उधाणाच्या भरतीत, डोक्यावर पाणी असताना खाडीतून चालवत नेला होता. सिंधुदुर्गात जन्म, आणि ही अक्कल!

पंचांग उघडलं तर आणखी एक गंमत. कादंबरी २०२५ सालात घडते. त्या वर्षी आषाढ अमावास्या २४ जुलैला, आणि वार गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे निम्म्या घरांत मासेमटण शिजत नाही. माझ्या गावाने मग गटारी बुधवारीच उरकली. म्हणजे २३ तारीख, चतुर्दशी, भरती साडेदहाच्या आसपास. पाणी पूर्ण सुकणार, म्हणजे पूर्ण ओहोटी, पहाटे साडेचार-पाचला.

दोन दिवस डोकं धरून बसलो. तिथी बदलावी तर गटारी जाते, आणि गटारी मला हवीच. त्या रात्रीची वेळ गावात कोणालाच नीट आठवत नाही, यावर अर्धं रहस्य उभं आहे. मग सुचलं, वेळच बदलू. पोराने पहाटे खाडी ओलांडली तर ११.४० पासून पाच तास तो कुठे होता? खर्डा दोन वेळा लिहूनही जे मधलं पोट सापडत नव्हतं, ते या पाच तासांत सापडलं.

पण मग फोन का बंद पडला? उत्तर वायरमनकडेच होतं. गावाचा फिडर, म्हणजे गावाला वीज आणणारी लाइन, रात्री ८.१० ला ट्रिप होतो, बंद पडतो. सबस्टेशनच्या लॉगबुकात तशी नोंद आहे. मोबाइल टॉवर बॅटरीवर तीन-साडेतीन तास ओढतो आणि मान टाकतो. फोन एकट्या ओंकारचा नाही, अख्ख्या गावाचा बंद झाला होता. पोलिसांनी नोंदी मागवल्या त्या एकाच नंबरच्या, आणि गाव तोवर आडवं झालं होतं.

त्यावर मित्राची दुसरी हरकत. जुलैत खाडीला वरून पुराचं पाणी असतं. ओहोटीला मांडीभर पाण्यातून जायचं तर आधी चार दिवस पावसाने उघडीप द्यायला हवी. उघडीप असेल तर वीज कशाने जाणार? म्हणून माडाची झाप (झावळी) तारांवर पाडली. त्याला काय, वारा पुरतो. हे सांगून टाकतो, कारण ते आठव्या प्रकरणातच कळतं: वायरमन दुसऱ्या दिवशी लाइनचं परमिट (लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी) घेऊन ती झाप काठीने खाली ओढतो. आपसूक गळणारी झाप सुकलेली असते आणि तिचं बूड फताड्या पावलासारखं अख्खं येतं. ही हिरवी. बुडाशी कोयत्याचा तिरका, स्वच्छ वार. तो ती गडग्याला, दगडी कुंपणाला, टेकवून ठेवतो, वर चढून तार जोडतो, खाली उतरून बघतो तर झाप नाही. चुलीला नेली असेल कोणीतरी. कोणी नेली, ते १९ व्या प्रकरणात.

वेळ बदलल्याने एक साक्षीदारही फुकटात मिळाला. अमावास्येच्या कुर्ल्या (खेकडे) भरलेल्या असतात म्हणतात, त्यामुळे पहाटेच्या ओहोटीला बत्ती घेऊन चिखलात कोणीतरी उभा असणारच. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, कुर्ल्या धरणाऱ्याला कोण अडवतो?

पोलिसांचा भाग पटकन उरकतो. पहिल्या खर्ड्यात ठाण्यातला हवालदार आईला सांगतो, ‘चोवीस तास थांबा.’ हे सिनेमातलं. मूल बेपत्ता असेल तर गुन्हा लगेच नोंदवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. शिवाय जुन्या दंडसंहितेत पालकांच्या ताब्यातून पळवण्याच्या कलमाला मुलासाठी सोळा आणि मुलीसाठी अठरा वर्षांची मर्यादा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम १३७ खाली दोघांनाही अठरा. माझा ओंकार सतरा वर्षांचा, म्हणजे साल दोन वर्षं मागे नेलं असतं तर कलमच बदललं असतं. कादंबरी लिहिणाऱ्यांनी साल आधी ठरवावं, हा फुकटचा सल्ला.

मालवणी किती वापरायची, यावर मागे बरीच खडाजंगी झाली होती. नागपूरच्या वाचकाला कळेल का, वगैरे. मी ठरवलंय की तळटीप द्यायची नाही. उलट बोलीलाच कामाला लावलंय. सातव्या प्रकरणातला तुकडा:

‘वैनी, ओंकार खंय गेलो?’
तिने सुपातले तांदूळ एकदा पाखडले.
‘तो मामाकडे गेलाय.’
वायरमनने टेस्टर खिशात ठेवला. पंधरा वर्षांत ही बाई त्याच्याशी असं पुस्तकी कधी बोलली नव्हती.

आई खोटं बोलताना प्रमाण मराठीत शिरते. पुढे हेच आणखी दोघांच्या बाबतीत होतं. लक्ष देणाऱ्या वाचकाला माणसं आपोआप ओळखू येतील, मला काही सांगावं लागणार नाही. मात्र हे तीनदाच. चौथ्यांदा केलं तर ती क्लृप्ती वाटेल.

अडलोय ते गुपितावर. सड्यावरची सामाईक जमीन, सातबाऱ्यावर १७ नावं, त्यातली ११ मुंबईत, आणि कोणीतरी परस्पर केलेला व्यवहार. शेवटच्या प्रकरणात हे उघड करून सगळ्यांना धक्का द्यायचा बेत होता. माझ्या आतेला गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, ‘ह्यात गुपित काय? गावात सगळ्यांका ठावक आसतला.’ बरोबर आहे तिचं. आमच्याकडे माहीत सगळ्यांना असतं, फक्त चारचौघांत उच्चारायचं नसतं. तेव्हा आता गुपित फुटत नाही. २७ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, १७ पैकी १७ जण एका ओटीवर असताना एक माणूस ते मोठ्याने बोलतो. कोण, ते ठरत नाहीये. वायरमन बोलला तर तो उपरा ठरतो, आई बोलली तर तिला तिथेच राहायचंय. दोन्ही लिहून बघितलं, आईचं जास्त टोचलं. २३ वं प्रकरण त्यामुळे दोन फायलींमध्ये पडून आहे.

तोवर येत्या वद्य चतुर्दशीला पहाटे चारला खाडीवर जायचं ठरलंय. पाणी खरंच मांडीपर्यंत येतं की कमरेपर्यंत, ते स्वतः उतरून बघणार. मित्र म्हणाला, येताना जाड पिशवी आण, कुर्ल्या मिळाल्या तर वही ओली व्हायला नको.