खिद्रापूरचे हत्ती आणि टाउन हॉलमधला समुद्रदेव

खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात गेलं की लोक सरळ स्वर्गमंडपात जातात, छताच्या गोल उघड्या झरोक्याखाली उभं राहून मान वर करून फोटो काढतात. काढावाच, जागाच तशी आहे. पण आज मी निम्मा वेळ बाहेर, गजपीठाशी काढला. अख्ख्या देवळाचा भार पाठीवर घेतल्यासारखे ओळीनं उभे असलेले हत्ती, आणि कितीतरी जणांच्या सोंडा तुटलेल्या. बाराव्या शतकातलं शिलाहार राजांचं हे काम, सिंघण या यादव राजाचा शिलालेख दक्षिण दाराशी अजून आहे. आणि त्या दगडावर कुणीतरी किल्लीनं बदाम कोरलाय, दोन नावांसकट! लग्न तरी झालं का रे बाबांनो?

एक काका मुलाला हत्तीवर बसवत होते. राखणदार मामा म्हणाले, "उतरवा त्याला, बसायचं खेळणं नव्हं ते." काका जरा चिडले, पण उतरवलं.

परतताना कोल्हापुरात टाउन हॉलच्या संग्रहालयात डोकावलो. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, इथं आहे. छोटीशी मूर्ती. सातवाहनकाळात रोमशी चाललेल्या व्यापारातून पंचगंगेकाठी पोचलेली. कोल्हापुरात वाढलेल्या माझ्या मित्राला हे माहीतच नव्हतं! आत आम्ही धरून चार-पाच माणसं. बाहेर भेळेच्या गाडीवर मात्र नंबर लावावा लागला.

कुणी खिद्रापूरला जाणार असाल तर सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात कोरीवकाम चांगलं दिसतं.