अंडं वाईट की बटर?

मार्च 2019मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 29,615 लोकांचा अभ्यास आला: रोज अर्धं अंडं जास्त, तर हृदयविकाराचा धोका 6 टक्के जास्त. पुढच्याच मार्चमध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 2,15,618 अमेरिकनांचा आला: रोज एक अंडं खाऊनही धोका वाढलेला दिसत नाही. पेपरवाल्यांना दोन मथळे मिळाले, वाचणाऱ्याच्या डोक्याचा मात्र भुगा.

पहिल्या अभ्यासात आहार एकदाच, सुरुवातीला विचारला आणि मग साधारण साडेसतरा वर्षं नुसती वाट पाहिली. दुसऱ्यात दर चार वर्षांनी विचारला, पण त्यातली माणसं नर्स आणि आरोग्यक्षेत्रातलीच. शिवाय पहिल्या अभ्यासातले ते 6 टक्के सापेक्ष आहेत, म्हणजे मुळातल्या धोक्याच्या 6 टक्के. प्रत्यक्षात शंभरात साधारण एक जास्तीचा रुग्ण, तोही इतक्या वर्षांत. आणि अमेरिकेत अंड्याशेजारी बऱ्याचदा बेकन असतं. ते हिशेबातून पुरतं वगळणं कुठल्याच आकडेमोडीला जमत नाही.

म्हणून मला माणसांना मोजून खायला घातलेले प्रयोग जास्त पटतात. अशा 17 प्रयोगांचा 2001मधला आढावा सांगतो, की आहारातलं 100 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल सरासरी 2.2 अंकांनी (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वाढवतं. 50 ग्रॅमच्या अंड्यात ते साधारण 186 मिलिग्रॅम, सगळं बलकात. म्हणजे अंड्यामागे चारेक अंक. ही झाली सरासरी; काहींचं याहून बरंच वाढतं.

आता गाडीवरची बुर्जी बघा. दोन अंड्यांतलं सॅच्युरेटेड फॅट सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. वर पडणारा बटरचा 15 ग्रॅमचा गोळा एकटाच साडेसात ग्रॅम आणतो. हे फॅट यकृतातल्या, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल रक्तातून उचलणाऱ्या रिसेप्टरांचं काम मंदावतं, म्हणून एलडीएल रक्तात साचतं. बदनाम मात्र अंडं.

स्वतःचं बघायचं असेल तर आधी आठवड्याच्या अंतराने दोन लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची चाचणी) करा, एकाच लॅबमध्ये, 12 तास उपाशी. मग सहा आठवडे रोज दोन उकडलेली अंडी, बाकी जेवण जसंच्या तसं. शेवटी पुन्हा दोन चाचण्या, आणि सरासरीची तुलना. एकेका चाचणीवर जाऊ नका. काही न बदलताही 120चं एलडीएल 110 किंवा 130 येऊ शकतं. मधुमेह असेल किंवा एलडीएल आधीच चढं असेल, तर हे डॉक्टरांना विचारूनच. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) चालू असेल तर त्या सहा आठवड्यांत डोस बदललेला नसावा.