खिडकी

मंगळवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाही. मावशीने पुस्तक परत करताना एक वाक्य टाकलं आणि निघून गेली. तेव्हापासून ते डोक्यात भुणभुणतंय.

'ड्रॅक्युला' मी गणपतीच्या आधी वाचली, चार रात्री दिवा चालू ठेवून. मग वाटलं, एकटीनेच का घाबरायचं? फिरवलं पुस्तक. ह्यांनी अर्ध्यातच सोडलं. म्हणे, "सगळेच एवढी रोजनिशी लिहीत बसतात, पळतात कधी?" गाडीतली मैत्रीण पॅथॉलॉजी लॅबमधली. ड्रॅक्युला रात्री जिचं रक्त पितो त्या लूसीला पाळीपाळीने चौघांचं रक्त चढवतात, तिथेच ती अडली. "ग्रुप न बघता?" मी म्हटलं, पुस्तक १८९७ चं, लँडस्टायनरने रक्तगट मांडले १९०१ मध्ये. "तरी पण!" म्हणाली, आणि मुलुंडपर्यंत गप्प बसली. तिची भीती तेवढीच.

आणि मावशी. भिंग घेऊन अख्खं वाचलं तिने. "भीती कसली गं? मला ती आईच लागली मनाला. खिडकी तिनेच उघडली ना."

हो. तिनेच. ड्रॅक्युला आत येऊ नये म्हणून लूसीच्या खोलीत लसणाची फुलं भरून, खिडक्या लावून डॉक्टर गेले. रात्री आई येऊन बघते तर खोली कोंदलेली, उग्र वास. पोरीला मोकळी हवा मिळावी म्हणून तिने फुलं काढली, खिडकी जराशी उघडली. सकाळी डॉक्टरांना कौतुकाने सांगते. पोर गाढ झोपलीय, माझ्यामुळे!

मी हे पान वाचलं होतं. पुढे काय होतं या घाईत उलटलंही होतं.

लूसीच्या आईला कुणी काही सांगितलंच नव्हतं. हृदय नाजूक, धक्का सोसणार नाही म्हणून. आमच्याकडे हृदयाच्या जागी बीपी आहे, एवढाच फरक. मार्चमध्ये धाकटीचं जे झालं ते वॉचमनलासुद्धा माहीत होतं. मी मात्र रोज तिला "बाहेर जा, चार लोकांत मिसळ" म्हणत होते. हौसेने. डबा भरून देत होते.

सांगितलं असतं तर? गोळी वाढली असती, दुसरं काय. पण मी तिला त्या दारातून... जाऊ दे.

मावशीला माहीत असेल का? सहज बोलली की मुद्दाम? तिच्या पिढीच्या बायका सहज काहीच बोलत नाहीत.

मघाशी धाकटीच्या खोलीत डोकावले. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा नुसता गरम हवा फिरवतोय. सवयीने हात खिडकीकडे गेला आणि कडीवरच थांबला. पाच मिनिटं तशीच उभी. ड्रॅक्युलाला निदान घरातल्या कुणीतरी आधी आत बोलवावं लागतं. मुंबईतल्या रक्तपिपासूंचं तसं काही नाही.

शेवटी तिलाच उठवून विचारलं, "उघडू का गं?"

"आई, बारा वाजलेत! डास येतील. झोप ना."

कुशीवर वळली. मग पाठमोरीच म्हणाली, "थोडीशी उघड."