गंजिफाच्या गावात, सावंतवाडीला

सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात, गावापासून थोडं लांब. रिक्षा करून मोती तलावाशी उतरलो आणि आधी चितार आळी गाठली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची आंबे, केळी, वांगी टोपल्यांत रचून ठेवलेली. बघून झाली, पुढे निघालो. मला ओढ होती ती राजवाड्यातल्या गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची.

दरबार हॉलमध्ये कारागीर मांडी घालून रंगवत होते. एका ताईंच्या हातात मत्स्याचं पान होतं. बारीक कुंचल्याने त्या माशाला एकेक खवला काढत होत्या, मध्येच कुंचला वळवून टोक नीट करत. मी फोटोच काढतोय हे बघून त्यांनी विचारलं, "तुमका खेळूक येता?" येत नव्हतं. मग काम बाजूला ठेवून त्यांनी पानं मांडली.

दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. खेळणारे तिघे, प्रत्येकाला 40. एवढी पानं हातात धरायची कशी? आपल्या नेहमीच्या पत्त्यांना कोपऱ्यात आकडा असतो, इथे कोपराच नाही. म्हणून प्रत्येक अवताराची जमीन, म्हणजे चित्रामागची पार्श्वभूमी, वेगळ्या रंगाची. पंखा धरला की नुसती कड दिसते आणि तेवढ्यावरून पान कुणाचं ते कळतं. मी इतकी वर्षं ते रंग शोभेचे समजत होतो! गोल पानं पिसता येत नाहीत, तर चादरीवर पालथी पसरून कालवायची. राजा-प्रधानाखालच्या आकड्यांच्या पानांत, पाच अवतारांत दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा खेळ रामाच्या राजापासून सुरू होतो, रात्री कृष्णाच्या.

1970 च्या दशकापर्यंत ही कला जवळपास संपत आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्यांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता गंजिफाच्या नावाने काय काय निघतं! चाव्यांच्या साखळ्या, ट्रे, कपाखालच्या चकत्या. वाईट काही नाही, रंगवणाऱ्याला चार पैसे मिळतात. पण वराहाच्या डोक्यावर चहाचा कप ठेवायला माझा हात धजेना. आणि खरं सांगायचं तर 'पारंपरिक डिझाइन'च्या नावाखाली आपण बहुतेक वेळा चित्र तेवढं उचलतो. या पत्त्यांची अक्कल चित्रात कमी आणि रचनेत जास्त आहे: कडेने ओळख पटवणारा रंग, अर्ध्या अवतारांत उलटणारा क्रम, वेळ बघून बदलणारी सुरुवात. नवीन खेळ किंवा शाळेसाठी काही करणाऱ्याने यातली एक युक्ती घेतली आणि अवतार एकही काढला नाही, तरी माझ्या लेखी ती वस्तू चकतीपेक्षा जास्त सावंतवाडीची.

हाताने रंगवलेला अख्खा संच महाग असतो आणि असायलाच हवा. तो घरी रोज चादरीवर कालवायला कुणाचं मन होणार? त्याच्या जोडीला एक स्वस्त, जाड कागदावर छापलेला, मुलांनी खुशाल मळवावा असा संच हवा, आत मराठीतून नियमांची घडी घातलेली. तो गणपतीत जागरणाला काढायचा. रात्रीचा खेळ, म्हणजे उतारी कृष्णाची.